टिकली लावलेली कॅसेट

“सुयशच्या कपाटाला हात लावायचा तर तो घरात असल्यावर लाव. तो नसताना नाय.” सासूबाईंनी हे मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, मी फडकं घेऊन स्टुलावर चढलेली असताना. मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, धाकट्याचे लाड, दुसरं काय. तीन वर्षांनी ते कपाट उघडताना मला त्यांचे शब्द आठवलेही होते. आठवले आणि मी थांबले नाही.

सुयश माझा दीर. बोलताना मी त्याला भाऊजी म्हणायचे, अहोजाहो करायचे. इथे सुयशच लिहिते, वयाने तो माझ्याएवढाच. नाशिकला सिडकोत, पवननगरला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. माझे मिस्टर धनराज अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. सुयशही अंबडलाच होता, पण दोन हजार सहा साली त्याची कंपनी बंद पडली आणि तो घरीच टीव्ही, रिमोट, रेडिओ दुरुस्त करायला लागला. त्याच वर्षी पायल झाली.

त्या कपाटात व्हिडिओ गेमच्या कॅसेटी होत्या. टीव्हीला डबा जोडायचा, वर खाचेत कॅसेट खुपसायची, नाही चालली तर काढून फुंकर मारायची, आमच्या लहानपणचा तो प्रकार. लोकांनी ते डबे माळ्यावर टाकले, नाहीतर भंगारात घातले. सुयश ते भद्रकालीतल्या भंगारवाल्यांकडून शोधून आणायचा. पिवळे पडलेले डबे साबणाच्या पाण्याने धुवायचा, कॅसेटींचे पितळी दात स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा. बोळे पायलच्या डब्यातले असायचे. मग एकेक कॅसेट लावून तासभर खेळून बघायचा. खेळताना तो फार चांगला दिसायचा, हे मला मान्य केलं पाहिजे. एरवी खांदे पाडून बसणारा माणूस ताठ व्हायचा.

धनराज कामावरून आले की चिडवायचे. “सत्तावीस वर्षांचा घोडा, अजून गेम खेळतोय. पोरगी कोण देणार ह्याला?”

“तू शोध ना दादा. फक्त दुसरा रिमोट धरता येणारी बघ, शिकवायला वेळ नाहीये माझ्याकडे.”

काही कॅसेटींवर त्याने लाल टिकल्या चिकटवल्या होत्या. टिकल्यांचं पाकीट माझ्याकडूनच नेलं होतं. ज्या कॅसेटींच्या आत सेल असतो त्यांना टिकली, असं तो म्हणाला होता. मी तेव्हा पायलची लंगोटी बदलत होते. नीट ऐकलं नाही.

तो सेल कशासाठी असतो, ते आता तुम्हाला आधीच सांगून ठेवते. अशा कॅसेटीत तुम्ही अर्धा खेळ खेळून थांबलात तर तुम्ही कुठे थांबलात ते आत लिहून राहतं. आणि ते लिहिलेलं त्या नाण्याएवढ्या सेलवर जगतं. सेल संपला किंवा काढला, की सगळं पुसलं जातं. परत सेल घातला तरी येत नाही.

टिकल्या लावलेल्यांपैकी एक कॅसेट ज्योत्स्नाची होती.

ज्योत्स्ना माझी नणंद. मी तिला पाहिलेलं नाही. शहाण्णव साली कावीळ होऊन गेली, तेरा वर्षांची होती. तिच्या मामाने मस्कतहून खेळाचा डबा आणला होता आणि त्याच्यासोबत एकच कॅसेट. लांबलचक प्रवासाचा खेळ. चार माणसं गावोगाव फिरतात, त्या चौघांना आपण नावं द्यायची. ज्योत्स्नाने स्वतःचं, आईचं, धनराजचं आणि सुयशचं नाव दिलं होतं, इंग्रजी अक्षरांत, मावतील तेवढी. आजारी पडली तेव्हा तिचा खेळ एका गावातल्या विहिरीपाशी थांबलेला होता. चौघं एकामागे एक उभी, बाजूला एक बंद पेटी.

दर वर्षी नऊ फेब्रुवारीला, तिच्या वाढदिवशी, सुयश तो खेळ लावायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी ते पाहिलं. सासूबाईंनी हात पुसले, चटई टाकली, टीव्हीसमोर बसल्या.

“कुठंय ती?”

“तिथंच आहे आई. विहिरीपाशी.”

“त्या पेटीत काय हाय, उघड की.”

“नको. पेटी तिची आहे.”

दोन-तीन मिनिटं दोघं बघत राहिले. सुयशने रिमोट हातात घेतलाच नव्हता, जमिनीवर ठेवला होता. मग त्याने डबा बंद केला आणि सासूबाई खीर ढवळायला उठल्या.

मला ते आवडलं नाही. खरं लिहायचं तर भीती वाटली. पुढे पायल झाली आणि सासूबाई तिला मांडीवर घेऊन “माझी ज्योत्स्नाच आली” म्हणायला लागल्या, तेव्हा भीती वाढली. मी बी.ए. झालेली, असल्या गोष्टी मानत नाही, असं मैत्रिणींना सांगायचे. आणि पायल झोपली की तिचा श्वास चालू आहे का ते नाकापाशी बोट धरून बघायचे.

दोन हजार सातचा ऑक्टोबर. सुयश दोन दिवसांसाठी पुण्याला गेला होता. सासूबाई विहारात महिला मंडळाच्या बैठकीला गेल्या होत्या. दुपारी मी भांडी लावत होते आणि पायल फारच शांत होती. बाहेर येऊन बघते तर दिवाणाच्या कडेला बसून काहीतरी चघळतेय. बोट घालून काढलं. चपटा, चांदीसारखा सेल होता, लाळेने भिजलेला.

असा सेल गिळला तर आत भोक पडतं, हे मी वाचलं होतं. मी तिला उलटं धरलं, पाठीत थापट्या मारल्या, तिचं तोंड पुन्हा पुन्हा तपासलं. ती रडायला लागली तेव्हा मी थांबले. मग मी तिला कडेवर घेऊनच कपाटाकडे गेले.

कॅसेटींचे स्क्रू वेगळेच असतात, साध्या पान्याने निघत नाहीत. सुयशने जुन्या बॉलपेनचं टोक तापवून स्क्रूवर दाबून स्वतःच पाना बनवला होता. तो तिथेच होता. अकरा कॅसेटींना टिकल्या होत्या. अकराही उघडल्या. सेल पत्र्याच्या पट्टीने चिकटवलेले असतात, ते नेलकटरने उचकटले. ज्योत्स्नाची कॅसेट सातवी होती. तिच्या मागे तिचं नाव पेनाने लिहिलेलं होतं, न ओळखायचा प्रश्नच नव्हता. मला वाटलं, भिंतीवरच्या घड्याळासारखं असेल. सेल काढला की बंद, घातला की चालू. मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. सुयशला फोन लावता आला असता, हेही खरं आहे. आणि सातव्या कॅसेटीशी माझा हात जरा जास्तच झटकन चालला, हेही.

अकरा सेल मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरले, झाकण घट्ट लावलं, फ्रिजवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुयश आला. सासूबाई आत पडल्या होत्या. मी त्याच्या हातात पाणी दिलं आणि बाटली दाखवली.

“भाऊजी, रागवू नका. काल पायलच्या तोंडात सेल सापडला. म्हणून सगळे काढून ठेवलेत. एकही हरवलेला नाही.”

त्याने बाटली घेतली नाही. “टिकलीवाल्यांचे?”

“हो.”

“सगळ्यांचे?”

त्याने पिशवी तशीच खाली ठेवली, कपाटातून ज्योत्स्नाची कॅसेट काढली, लावली. खेळ सुरू झाला. गाणं वाजलं. आणि पडद्यावर रिकामी चौकट आली, नाव लिहा म्हणून.

तो चौकटीकडे बघत बसला. मी काहीतरी बोलत होते, सेल परत घालून बघा, वगैरे. त्याने मला सेलचं सगळं समजावून सांगितलं. शाळेतल्या मुलीला सांगावं तसं, शांतपणे. मग पिशवीतून एक पुडी काढून दाखवली. पट्टी लावलेला नवा सेल होता, नाशिकमध्ये मिळत नव्हता म्हणून पुण्याला गेला होता. जुना सेल काढायच्या आधी दुसऱ्या सेलच्या दोन तारा जोडून ठेवल्या तर आतलं लिहिलेलं पुसत नाही. हे तो वर्षभर भंगारातल्या कॅसेटींवर शिकत होता. पहिल्या दोन बिघडल्या, मग चार सलग जमल्या. ती कॅसेटींची रास त्याने त्यासाठी जमवली होती. ज्योत्स्नाचा सेल तेरा वर्षांचा झाला होता आणि कधीही संपला असता. तो रविवारी बदलणार होता.

“पायलच्या तोंडातला कोणता?” त्याने विचारलं.

मी दाखवला. तो मी वेगळा कागदात बांधून ठेवला होता. त्याने बाटलीतला एक काढून शेजारी ठेवला. बाटलीतला नाण्याएवढा होता. पायलच्या तोंडातला शर्टाच्या बटणाएवढा.

“हा माझ्याकडचा नाही, वहिनी.”

तो माझ्या थर्मामीटरचा होता. डिजिटल थर्मामीटर मीच आणलेला, दिवसातून चार वेळा पायलचा ताप बघायला. दिवाणाखाली पडला होता, मागचं झाकण निघालेलं.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. टीव्हीकडे पाहून म्हणाल्या, “आज का लावली? आज कुठं तारीख हाय?”

“काही नाही आई. कॅसेट साफ करत होतो.” आणि त्याने डबा बंद केला.

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पायल रडली, मी तिला घेतलं, क्षण गेला. क्षण काय, पुढचे चार महिनेही तसेच गेले.

त्या चार महिन्यांत सुयश रोज दुपारी तो खेळ खेळत राहिला, पहिल्यापासून. तीच चार नावं, त्याच क्रमाने. मी चहा ठेवून जायचे, तो मान हलवायचा. एकदा मी विचारलं, “जमेल का हो, भाऊजी?”

“गावापर्यंत जाता येईल. आईला फरक कळायचा नाही.”

एवढंच आमचं बोलणं. धनराज म्हणायचे, “ह्याला काय झालंय? एकच गेम घेऊन बसलाय. निदान बदलून तरी खेळ.” मी म्हणायचे, खेळू द्या.

नऊ फेब्रुवारी दोन हजार आठ. शनिवार होता. सासूबाईंनी चटई टाकली. मी पायलला मांडीवर घेऊन मागे बसले. सुयशने खेळ लावला. विहीर होती, चौघं एकामागे एक होती, पेटी बंद होती. मला तर जसंच्या तसं वाटलं. मी सुटले, असं मनात आलं.

“कुठंय ती?”

“तिथंच आहे आई. विहिरीपाशी.”

“त्या पेटीत काय हाय, उघड की.”

सुयशने रिमोट उचलला. मला वाटतं, त्याला आईला एवढं तरी द्यायचं होतं. “उघडतो. बघ आता काय आहे ते.” एक माणूस दोन पावलं चालला, पेटी उघडली. आत दोर होता.

सासूबाई टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्या सुयशकडे बघत होत्या.

“हा तिचा खेळ नाय,” त्या म्हणाल्या. “तिचा असता तर तू हात लावला नसता.”

सुयशने रिमोट परत जमिनीवर ठेवला.

“तू पुसला?”

त्याने डबा बंद केला.

“मला खेळवतो व्हय रे? एवढी एक गोष्ट सांभाळायला होती तुझ्याकडं. तेवढीपण नाय जमली?”

तो एकदा माझ्याकडे बघेल असं वाटलं. नाही बघितलं. मी पायलच्या केसांतून हात फिरवत होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. धनराजनी “जाऊ दे ना आई, गेमच तर आहे” म्हटलं आणि सासूबाई उठून आत गेल्या. त्या दिवशी खीर झाली नाही.

पुढच्या आठवड्यात सुयशने सुरगाण्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम धरलं. ज्योत्स्नाचा डबा आणि कॅसेट पिशवीत घातली, बाकी कपाट मला मोकळं करून दिलं. मी तिथे पायलचे कपडे ठेवले. सासूबाई त्याच्याशी फोनवर बोलायच्या, पण दोन वाक्यांच्या पुढे नाही. दिवाळीनंतर त्या झोपेतच गेल्या. त्याला दोषी धरूनच गेल्या. तो आला, पाणीदानाच्या विधीपर्यंत थांबला, पायलला उचलून घेतलं आणि जीपने परत गेला. जाताना मी दारापर्यंत गेले. “भाऊजी, मी धनराजना सांगणार आहे,” म्हटलं. तो म्हणाला, “आता कशाला?” मला ते बरं वाटलं. म्हणून मी नाही सांगितलं. धनराजना हे आज, हे वाचताना कळेल.

आधी त्याचा महिन्यातून एक तरी फोन यायचा. या वर्षी होळीपासून एकही नाही. नंबर बंद लागतो. दुकानवाला म्हणतो, काम सोडून बरेच दिवस झाले, खोली मात्र तीच असेल. धनराज म्हणतात, मोठा माणूस आहे, करेल फोन. मी दोनदा जायचं ठरवलं, पिशवीही भरली. एकदा पायलला ताप होता. दुसऱ्यांदा नव्हता.

तुमच्यापैकी कुणी पेठ-सुरगाणा भागात नोकरीला असाल, शाळेवर, बँकेत, दवाखान्यात, तर एक काम करा. सुरगाण्याच्या एसटी स्टँडमागे कौलारू घरांची ओळ आहे, त्यातली शेवटून दुसरी खोली. उंच आहे, किंचित वाकून चालतो, आडनाव विचारलं तर आधी गप्प बसतो. दार लगेच उघडणार नाही, जरा थांबा. माझं नाव सांगायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. तो आहे का, आणि जेवतोखातो का, तेवढं बघून मला कळवा.