चार काट्यांवर

फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, कुवेतमधील शुवैखच्या गॅरेजांच्या गल्लीत, वारूजान या आर्मेनियन मेकॅनिकच्या जागेत, दुऐज स्वतःच्या गाडीत बसून गाडीसकट स्वतःचे वजन करवून घेत होता. चारही चाकांखाली एकेक वजनकाटा होता आणि चारही काट्यांच्या वायरी वारूजानच्या हातातील, आकडे दाखवणाऱ्या डबीत शिरल्या होत्या. दुऐजला हलण्याची मनाई होती.

"खिशातल्या चाव्या बाहेर काढा, बू हस्सा," वारूजान म्हणाला. "डोक्यातलं असू द्या. त्यानं काटा हलत नाही."

दुऐजने चाव्या दिल्या. टोमणा ऐकून घेतला. दोन वर्षांच्या सहवासात त्याने याहून तिखट ऐकले होते. ही जर्मन बनावटीची, दोन दारांची, वाऱ्याशी शर्यत लावणारी गाडी त्याने इंजिन जळालेल्या अवस्थेत घेतली, तेव्हा वारूजानने तिला प्रेत म्हटले होते आणि दुऐजला तिचा एकुलता एक नातेवाईक. वीजखात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला असल्या गाडीचे काय काम, हा प्रश्न दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या संध्याकाळच्या बैठकीत, जमणाऱ्या मित्रांनीही विचारून पाहिला होता. उत्तर न देता दुऐजने इंजिन नवे बांधून घेतले, ब्रेक बदलले आणि तिच्या अंगावर गर्द हिरवा रंग चढवला. बैठकांच्या शिवणीसाठी मात्र त्याने दोऱ्यांच्या तेरा नमुन्यांची छायाचित्रे आपल्या मुलीला, जिच्या नावाने लोक त्याला बू हस्सा, हस्साचा बाप, म्हणत त्या हस्साला, पाठवली. दोन दिवसांनी तिचे एका शब्दाचे उत्तर आले: "तिसरा." तिसरा दोरा जांभळा होता. हिरव्या गाडीत जांभळी शिवण शोभत नाही, असे शिवणाऱ्याने परोपरीने सांगूनही दुऐजने तोच घातला.

आता एवढेच काम उरले होते. स्प्रिंगवरची कडी पाव फेरा फिरवली की एका चाकावरचा भार दुसऱ्यावर सरकतो. तो नीट वाटला गेला, तरच अशी गाडी वेगात सरळ धावते. त्यासाठी आत किती माणसे बसणार, हे आधी ठरवावे लागते.

"एकटेच ना?" वारूजानने विचारले.

"दोघं. शुक्रवारी हस्सा येते आहे."

वारूजानने वाद घातला. गाडी रोज जशी चालते तशी मोजावी. पाहुण्यांसाठी कोणी घराच्या भिंती सरकवत नाही. दुऐजने उलट सांगितले की, जिच्यासाठी घर बांधले तिला पाहुणी म्हणत नाहीत. वारूजानने हात टेकले आणि तिचे वजन विचारले.

दुऐजला ते ठाऊक नव्हते. हस्सा नऊ वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन गेली होती. त्या वेळी ती तांदळाच्या पोत्याएवढीही नव्हती. आता ती चोवीसची होती. वर्षातून चार-सहा भेटी होत आणि त्यांत तो तिला जेवतेस का, एवढे विचारी. त्याने जागेवरून न हलता फोन लावला. वारूजान चहाचा पेला घेऊन पाठमोरा उभा राहिला.

"बाबा, बायकांना वजन विचारतात का?" हस्सा हसली. "छप्पन्न. आईला सांगू नकोस, ती म्हणते वाढलंय." मग तिने सांगितले, फोन केलास ते बरे झाले. शुक्रवारी सऊदकाकांच्या समुद्राकाठच्या घरी सगळे चालले होते. तिला नाही म्हणता येत नव्हते. सऊदकाका म्हणजे तिच्या आईचा नवरा. "पुढच्या शुक्रवारी नक्की, बाबा."

हा पुढचा शुक्रवार गाडीत इंजिन नव्हते तेव्हापासून पुढेच राहिला होता. दुऐजने तिला जपून जायला सांगितले, फोन ठेवला आणि काचेतून म्हणाला, "छप्पन्न."

वारूजानने शेजारच्या बैठकीवर वाळूच्या वीस किलोच्या दोन पिशव्या ठेवल्या, दहाची एक ठेवली आणि उरलेल्या सहा किलोंसाठी नटांनी भरलेला डबा वर चढवला. बैठकीच्या पट्ट्याची घंटी वाजू लागली, तेव्हा त्या साऱ्यावरून त्याने पट्टाही ओढून लावला. अर्धा तास कड्या फिरवून झाल्यावर त्याने दुऐजला चक्कर मारायला पाठवले.

गाडी अप्रतिम चालली. मोठ्या रस्त्यावर त्याने क्षणभर दोन्ही हात सोडले, तरी ती रेघ आखल्यासारखी सरळ गेली. सिग्नलपाशी पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक दाबला. दुऐजनेही दाबला, आणि त्याच क्षणी त्याचा उजवा हात शेजारच्या, उजवीकडच्या बैठकीसमोर आडवा गेला. डबा सरकला नव्हता. पट्टा पक्का होता. दिवा हिरवा होऊन मागच्यांनी भोंगे वाजवले, तरी हात तिथेच होता.

गॅरेजात परतल्यावर त्याने गाडी पुन्हा काट्यांवर चढवली.

"पिशव्या काढ, उस्ताद. एकट्याची बसव."

"का? ओढते का कुठं?"

"नाही. चालते फार छान." दुऐजने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "सव्वीस वर्षं मी मीटर बघत हिंडलो. दाराला कुलूप असलं की बाकीचे अंदाजानं आकडा टाकायचे. मी 'घरी कोणी नाही' असं लिहून परत यायचो."

वारूजानने डबा उचलला, पिशव्या एकेक करून भिंतीशी नेऊन ठेवल्या, बैठकीवर सांडलेली वाळू तळहाताने झाडली आणि गाडीखाली शिरला. चारही कड्या पुन्हा फिरल्या. दुऐज ताठ बसून राहिला. बऱ्याच वेळाने वारूजान बाहेर आला, डबीवरचे चार आकडे त्याने दोनदा वाचले आणि पाना पुसत म्हणाला,

"आता बरोबर. ही एका माणसाची गाडी आहे."