एबच्या हातचे ऑइल

मित्रांनो, मी एक जुने इंजिन ऑइल आहे. नाक मुरडू नका! आज मी डांबरासारखा काळा दिसतो, पण डब्यातून ओतला गेलो तेव्हा माझा रंग मधासारखा होता.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका लहानशा गावात एब नावाचे गृहस्थ राहत. दर वर्षी परसातले बटाटे काढून झाले की, बर्फ पडायच्या आत, ते गाडीखाली शिरत आणि ऑइल बदलत. मला त्यांनीच ओतले, एक थेंबही न सांडता. "जा बाबा, हिवाळाभर सांभाळ हिला," असे म्हणून त्यांनी झाकण लावले. माझी छाती अभिमानाने फुगली. लोखंडाला लोखंड घासू द्यायचे नाही, काजळी आपल्या पोटात घ्यायची, हे माझे काम. ते मी मनापासून केले. पण तो हिवाळा सरायच्या आतच एब वारले.

गाडी त्यांच्या पत्नीकडे, अ‍ॅग्नेसबाईंकडे आली. त्यांना जायचे तरी कुठे? चर्च, दुकान आणि नणंद लीनाचे घर, सगळे हाकेच्या अंतरावर. इंजिन तापते न तापते तोच गाडी थांबे. कडाक्याच्या थंडीत तर त्या अंगणातच इंजिन चालू करून, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसत आणि एबशी बोलत. चाके फिरत नसत, म्हणून किलोमीटरचा आकडा हलत नसे. मी मात्र आत राबतच होतो. अर्धवट तापलेल्या इंजिनात पाणी साचते, पेट्रोल झिरपते, आणि ते सारे माझ्यातच मुरते. हिवाळा गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. बाहेर पडायची वाट एकच, तळाचा बोल्ट, आणि त्याला कोणी हात लावीना. तिथे मी किती घुसमटलो म्हणून सांगू!

एके दिवशी लीनाबाई गाडीत बसल्या आणि त्यांनी कान टवकारले.

"अगं, हे काय टकटकतंय? आमचा एब आतून दार वाजवतोय की काय?"

"जुनी गाडी आहे, करते कुरकुर. तू नाही का करत?"

"मी म्हातारी आहे, मला चालतं. ऑइल कधी बदललंस?"

"किलोमीटर कुठे झालेत अजून!"

"किलोमीटर नसतील झाले, हिवाळे झाले ना? एब काय आकडा बघून बदलायचा? बटाटे निघाले की शिरला गाडीखाली!"

तेवढ्यात स्टिअरिंगसमोरचा ऑइलचा लाल दिवा लागला. अ‍ॅग्नेसबाईंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, आणि त्यांना रडू कोसळले.

"त्यानं ओतलेलं आहे गं ते, लीना. त्याच्या हातचं शेवटचं. काढलं की संपलं."

इतके दिवस मी मनातल्या मनात त्यांना बोल लावत होतो. आता माझा राग कुठल्या कुठे गेला. बाईंनी मला मायेपोटी कोंडले होते.

लीनाबाईंनी आपला रुमाल त्यांच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "गाडी पण त्याच्याच हातची आहे ना? हीसुद्धा मेली, तर काय कवटाळून बसशील?"

गाडी ओढून घरी आणली. एबचा जुना डगला चढवून अ‍ॅग्नेसबाई स्वतः खाली शिरल्या. बोल्ट सुटला. मी धारेने नाही, गोळ्यागोळ्यांनी परातीत पडलो. कितीतरी दिवसांनी उजेड दिसला. बाईंनी माझ्यात बोट बुडवले, आणि त्या काळ्या बोटाकडे बघतच राहिल्या.

"लीना, हे एबचं नाही," त्या म्हणाल्या. "असलं त्यानं एक दिवससुद्धा हिच्या पोटात राहू दिलं नसतं."

मला फार लागले. पण त्यांचे खरे होते. मग त्यांनी नवे ऑइल आपल्या हाताने ओतले. टकटक कमी झाली, पण पुरती गेली नाही. ती आता जायचीही नाही. जिला सांभाळायला मला धाडले होते, तिलाच मी झिजवले.

मित्रांनो, आता मी गावच्या वापरलेल्या ऑइलच्या पिंपात पडून आहे. माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरी गाडी असेल, तर मोठ्यांना सांगा, किलोमीटरचा आकडा बघाच, पण भिंतीवरचे कॅलेंडरही बघा. गाडी फार फिरली नसली, तरी वर्षातून एकदा आम्हाला बाहेर काढा. आतून आम्हाला हाक मारता येत नाही. दार ठोठावते ते इंजिन, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.