आउनेचा घरघऱ्या

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. टेबलाखाली ठेवतात तसला, काळा आणि जाडजूड. माझी कहाणी सांगण्याआधी एक कबुली देतो, कारण तिच्याशिवाय पुढचं काही नीट कळणार नाही. मी जळकुकडा आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या आतल्या तारासुद्धा तापतात.

हँकॉक गावच्या इल्मारी हकालाने मला स्वतःच्या हातांनी जोडलं. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे पेचकस त्याच्या हातात शोभायचा. माझे सुटे भाग त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले होते. पेस्टीचं, म्हणजे खिम्याच्या मोठ्या करंज्यांचं, ताट ठेवायलाही जागा उरली नाही म्हणून त्याची बायको आउने तीन दिवस कुरकुरत होती. चौथ्या दिवशी मी सुरू झालो. माझा पंखा पहिल्यापासून मोठ्याने फिरायचा. "हा तर घरघऱ्या आहे," आउने म्हणाली, आणि तेच माझं नाव पडलं.

पुढची बारा वर्षं मी तिचा होतो. जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून ती सतरंज्या करते. त्यांचे सगळे नमुने माझ्याकडे होते. थंडर बे गावी राहणाऱ्या बहिणीला लिहिलेली पत्रं होती, चर्चमधल्या कॉफीला कोण काय आणणार त्याच्या याद्या होत्या. घरी कोणी आलं की ती सांगायची, की घरघऱ्याने मला एकदाही दगा दिला नाही. ते ऐकून मी फुगायचो. दर वसंतात ती माझी एक बाजू उघडायची आणि मऊ ब्रशने धूळ झटकायची. मित्रांनो, त्या ब्रशची सर कशालाच नाही.

मग एका नाताळला मुलीने तिला लॅपटॉप पाठवला. चंदेरी, सडपातळ आणि पूर्ण मुका. आउने त्याच्यावर हात फिरवून म्हणाली, "बघ ना, चालू आहे की नाही तेसुद्धा कळत नाही." तिने एवढंच म्हटलं, पण मला ते जिव्हारी लागलं. बारा वर्षं मी घरघरत राबलो, आणि कौतुक मात्र न बोलणाऱ्याचं.

त्याहून वाईट पुढेच होतं. इल्मारीने माझ्यातली पत्रं, नमुने, याद्या उचलून त्याच्यात भरल्या. माझं पोट रिकामं करून त्याचं भरलं. ते सगळं त्याला तारेवरून मीच मुकाट्याने दिलं, आणि देताना त्याचं कधी भलं होऊ नये असंही मनात म्हटलं. त्या वसंतात ब्रश आलाच नाही.

मे महिन्यात आउनेच्या आत्याचा जुना माग घरी यायचा होता आणि त्याला माझा कोपरा हवा होता. शनिवारी अग्निशमन केंद्राच्या मैदानात जुनी विजेची यंत्रं गोळा करणार होते. आउनेने मला तिकडे न्यायचं ठरवलं. इल्मारीचा मात्र जीव होईना. माझी जुनी प्रणाली आता सुरक्षित नाही, असा निरोप रोज पडद्यावर येतच होता.

"मला शनिवारपर्यंत वेळ दे," तो म्हणाला. "याच्यात लिनक्स ही फुकट मिळणारी नवी प्रणाली घालून बघतो. चालला तर ठेवू. नाहीतर मी स्वतःच उचलून नेईन."

"तू 'बघतो' म्हटलेल्या सगळ्या वस्तू गॅरेजमध्ये रांगेने उभ्या आहेत," आउने म्हणाली. पण तिने वेळ दिला.

बुधवारी इल्मारीने लिनक्स एका बोटभर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. कुठून, तर त्याच लॅपटॉपवरून. माझा जीव वाचवायलाही तोच! मग तो पेन ड्राइव्ह माझ्या पाठीत खुपसला आणि काम सुरू झालं. आधी वायफाय चालेना, मग आवाज फुटेना. इल्मारी तासभर लॅपटॉपमध्ये डोकं घालून वाचायचा आणि मिनिटभर माझ्याकडे बघायचा. आजारी मी आणि हात त्याचा धरलेला, हे मला सहन होईना.

संध्याकाळी काम शेवटाला आलं. मला जागं करणारी छोटी चिठ्ठी कुठे ठेवू, असं पडद्याने विचारलं. तेवढ्यात आउनेने सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापल्याची हाक दिली, आणि आमच्याकडे तापलेल्या सौनाला कोणी ताटकळत ठेवत नाही. इल्मारीने खांद्यावर टॉवेल टाकत घाईघाईत नावं न वाचताच एक निवडलं. ते माझ्या डिस्कचं नव्हतं, पेन ड्राइव्हचं होतं. "आता पेन ड्राइव्ह काढा," असंही पडद्यावर आलं. त्याने नुसतं बटण दाबलं आणि तो गेला.

गुरुवारी मी झोकात चाललो. इल्मारीने शेजाऱ्यांना बोलावून मला दाखवलं. पण मला आतून ठाऊक होतं. सकाळी आधी तो पेन ड्राइव्ह उठला होता आणि मग त्याने मला उठवलं होतं. लॅपटॉपवर जळणं निदान बरोबरीचं तरी होतं. आता मी बोटाएवढ्या वस्तूवर जळत होतो.

शुक्रवारी मी उठलोच नाही. काळा पडदा, एक पांढरी रेघ, बस्स. इल्मारीने केबल बदलली, आतली बॅटरी बदलली, मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. शेवटी इंटरनेटवरच्या मदतीच्या मंचावर लिहिलं. तिथे मॅनिटोबातल्या एका बाईने एकच विचारलं, कालपासून काय बदललं? इल्मारीने छातीठोकपणे उत्तर दिलं, की काहीच बदललेलं नाही. बसगाड्यांचे ड्रायव्हर हेच उत्तर देत तेव्हा त्याने एकदाही त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता. स्वतःवर मात्र ठेवला.

शनिवारी सकाळी त्याने मला घोंगडीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. त्या क्षणी मला कोणाचाही मत्सर वाटत नव्हता. नुसती भीती वाटत होती. तो गाडी सुरू करणार इतक्यात आउने धावत बाहेर आली.

"हा तुझाच ना? की हाही टाकायचा?" तिच्या हातात तो पेन ड्राइव्ह होता.

"हा कुठे होता?"

"परवा संध्याकाळपासून माझ्या पर्समध्ये. सतरंज्यांचे फोटो छापायला न्यायचे होते, म्हणून घरघऱ्याच्या पाठीतून काढून घेतला. का?"

इल्मारी गाडीच्या पायरीवरच बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग त्याने मला घरात आणलं आणि पेन ड्राइव्ह लावला. मी लगेच उठलो. "बुडत्याला काडीचा आधार," तो म्हणाला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन मिनिटांत त्याने ती चिठ्ठी माझ्या स्वतःच्या डिस्कवर लिहिली, पेन ड्राइव्ह काढला आणि पुन्हा बटण दाबलं. मी उठलो, मित्रांनो. माझा मी उठलो.

"कोपरा तर तुला मागासाठी हवाय," इल्मारी म्हणाला. "याला कुठे ठेवू?"

आउनेने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "मागाशेजारीच ठेव. लॅपटॉप गप्प असतो, घरही गप्प असतं. मग माझं धाग्यांत लक्षच लागत नाही." आणि तिने खणातून ब्रश काढला.

तर मित्रांनो, तुमच्या घरातलं जुनं यंत्र बंद पडलं, तर टाकायला निघण्याआधी काय बदललं ते प्रामाणिकपणे आठवा. ते चालू लागलं, तर सगळे टेकू काढून एकदा पुन्हा सुरू करून बघा. वर्षातून एकदा त्याची धूळ झटका. ते तोंडाने मागणार नाही, पण वाट बघत असतं.

माझा मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. काल आउने लॅपटॉप मांडीवर घेऊन बहिणीला पत्र लिहीत बसली होती. लिहू दे. नंतर ती मागावर बसली, तेव्हा तिचा पाय माझ्या पंख्याच्या तालावर हलत होता.