आगोटीआधीचा अहवाल

आगोटीला, म्हणजे पावसाळा लागायला, आठवडा उरला होता आणि पनवेलचा बाजार एकवीस दिवस बंद होता. पावसाचे चार महिने ज्यावर काढायचे ते मीठ, मिरची, सुकी मासळी याच दिवसांत घरोघर भरायची. पण त्या वर्षी, एकावन्न सालच्या उन्हाळ्यात, देवीची साथ आली. अकरा माणसे गेली आणि कचेरीने बाजाराच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले. शेवटच्या रोग्यानंतर चौदा दिवस नवा रोगी निघाला नाही, तरच ते सुटणार होते. आज चौदावा दिवस होता.

तसा अहवाल देण्याचे काम सॅनिटरी इन्स्पेक्टर इनॉक आष्टमकरचे. सत्तावीस वर्षांचा इनॉक चार माणसांत बोलताना स्वतःच्या बुटांकडे पाही, आणि सारे पनवेल त्याच्या एका शब्दावर अडलेले होते. सकाळीच व्यापारी मंडळाच्या कमळाकरशेटनी त्याला वाटेत गाठले.

"इनॉकराव, रोगानं अकरा नेले. उपासानं किती जातील, त्याचा तक्ता असतो का तुमच्याकडे?"

"नसतो."

"मग संध्याकाळी कोरा कागद आणा म्हणजे झालं."

शेट स्वार्थासाठी बोलत होते. पण खोटे बोलत नव्हते. हेच इनॉकला वाटभर सलत राहिले.

खाडीकाठचा आगऱ्यांचा पाडा फेरीत शेवटी होता. देवी आलेल्या घराच्या दारी कडुलिंबाचा डहाळा टांगतात. इनॉक प्रत्येक चौकटीकडे पाहत पुढे सरकत होता. डहाळा कुठेच नव्हता. "सगली बरी हायत, सायब," दारादारांतून एकच उत्तर येत होते.

टोकाच्या घरी सोनाबाई अंगणात पोत्यांची तोंडे शिवत बसली होती. पाड्याची सारी सुकी मासळी तिच्या हातून बाजारात जाई.

"या, तेलीसायब. घाना चालू हाय का बंद?"

इनॉकच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, पूर्वजांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत. म्हणून गावे त्यांना शनवारतेली म्हणत. तिच्या थट्टेने तो थोडा सैलावला.

"आजोबांबरोबरच बंद झाला, सोनाबाई."

"नाक तरी चालू हाय ना? घ्या वास, कसा सुकलाय बोंबील."

त्याने श्वास घेतला, मग पुन्हा एकदा घेतला. दुपारचे बारा वाजत आले होते. चुलींचा धूर होता, भाताची वाफ होती, बोंबलाचा दर्प होता. तापल्या तेलाचा, जळत्या लसणीचा वास मात्र एकाही घरातून येत नव्हता. देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत. देवीआईच्या अंगाला चटका बसतो, म्हणतात. तिचा मान राखून शेजारपाजारही तेल तापवत नाही. माणसांपासून लपवायला पाड्याने डहाळे उतरवले होते. देवीला फसवायला कुणी धजले नव्हते.

"आज कालवणाला फोडणी नाही?" त्याने हळूच विचारले.

"तेल कुठशी आणू? तुमीच बाजार बंद केलाव."

उत्तर बिनतोड होते. पण दारातून चुलीमागची बाटली दिसत होती, गळ्यापर्यंत भरलेली. सोनाबाईने त्याची नजर पाहिली. सुई पोत्यात खुपसून ती उठली आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली.

लिंबाच्या पाल्यावर तिची पाच वर्षांची नात जनी निजली होती. फोडांनी पापण्या मिटल्या होत्या.

"सावा दिस हाय. टोचनारा आला तवा गव्हाणला मामाकडं होती," सोनाबाई म्हणाली. "सायब, पोर आईच्या हातात हाय. पन तुमी लिवलंव तं पाऊस येल. जवला कुजल. तीस घरांनी काय खायाचं?"

"ही पोती कुणी शिवली?"

"मीच. हितंच, हिच्या उशाशी."

त्या पोत्यांतली मासळी उद्या चाळीस गावांत गेली असती. इनॉकला तीस घरांची तोंडे डोळ्यांसमोर दिसत होती. त्या चाळीस गावांना मात्र चेहरा नव्हता. उंबऱ्यावर बसून त्याने पेन्सिल काढली आणि रोग्यांच्या रकान्यात 'एक' लिहिले. अक्षर वाकडे आले.

पेढीवर कमळाकरशेटनी तो कागद दोनदा वाचला.

"एका पोरीसाठी सगळा बाजार?"

"पोरीसाठी नाही, शेट. तिच्या उशाशी शिवलेल्या पोत्यांसाठी."

"आणि पाड्यावर हे सांगणार कोण?"

"मीच सांगतो," इनॉक म्हणाला. या खेपेस त्याने बुटांकडे पाहिले नाही.

कचेरीत कागद देऊन तो ऊन कलताना पाड्यावर परतला. दारे त्याला पाहून लागत गेली. सोनाबाई मात्र अंगणातच होती.

"किती दिस?"

"हिच्या खपल्या पडेपर्यंत. आणि पुढं चौदा."

"आनि पाऊस?"

इनॉकने अंगणातली पोती मोजली. तिने पदर खोचला.

"धुरावर टाकली तं चार दिस जास्त टिकतील. धरा त्ये टोक. तुमाला टोचलेलं हाय, तुमाला काय भ्या."

त्याने टोक धरले. चुलीवरच्या माळ्यावर दोघांनी एकेक पोते चढवले. माळ्यावर पाच मावली. अंगणात नऊ उरली होती.