माणूस असल्याची खात्री

सकाळचे अकरा वाजून गेले होते, तेव्हा गौसियाच्या कॉम्प्युटरवर पहिली ओळ उमटली.

"तुम्ही माणूस आहात का?"

अडचणीतल्या बायका-मुलींसाठी लातुरात एक संस्था मदतसेवा चालवायची. फोनवर बोलायची सोय नसेल तिनं लिहून बोलायचं. गौसिया तिथं सात वर्षं होती. पूर्वी मुली विचारायच्या, कुणाला कळणार तर नाही ना? आताशा पहिला प्रश्न हाच असायचा.

"हो. मी गौसिया. बोल," तिनं लिहिलं.

"नाव तर तिलाही होतं."

हळूहळू उलगडा झाला. मुलगी रुद्राणी, वय सोळा, मुरुडजवळच्या एका वाडीवरची. उद्या सकाळी तिचं लग्न होतं. आईच्या फोनवरच्या एका 'ताई'शी ती तीन महिने मनातलं बोलत आली होती. लग्न ठरलं त्या दिवशी तिनं लिहिलं, ताई, मला इथून ने. ताई म्हणाली, तुझं दुःख मला समजतं. पुन्हा लिहिलं, तर पुन्हा तेच. तेव्हा कुठं पोरीच्या ध्यानात आलं की पलीकडं कुणी नव्हतंच, नुसतं यंत्र होतं.

लग्नाला एकच दिवस उरला होता. पण गौसियाची भीती दुहेरी होती, पोरगी खरीच नसली तर? गेल्या महिन्यात उमरीहून अशीच एक मुलगी लिहीत होती, मला कोंडून ठेवलंय म्हणून. पोलीस गेले, तर तिथं तसलं घरच नव्हतं. कुणीतरी यंत्राकडून ती मुलगी लिहवून घेतली होती. तेव्हापासून संस्थेच्या प्रमुख उज्वलाताईंनी नियम केला होता, समोरचं माणूस खरं असल्याची खात्री झाल्याशिवाय पोलिसांना कळवायचं नाही.

आणि या पोरीचं मराठी फार नीटनेटकं होतं.

"तू इतकं पुस्तकी का लिहितेस?"

"फोनच शब्द सुचवतो. तुम्हीही तसंच लिहिता."

ते खरं होतं. गौसिया आतापर्यंत शिकवलेलीच वाक्यं पाठवत होती. तिनं ती बाजूला ठेवली. "माय, मी मुरुडचीच हाय. भिऊ नको. मी ऐकायलेय."

"तसंही लिहिता येतं त्याला."

गौसिया जे लिहील ते यंत्रालाही लिहिता येणार होतं. नियमाप्रमाणे तिनं चेहऱ्याची तपासणी पाठवली. कॅमेऱ्यात बघायचं, मान वळवायची, डोळे मिटायचे. रुद्राणी गोठ्यात कडब्यामागं लपलेली, उजेड नाही, धड रेंज नाही. तिनं दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा पाटी आली, 'माणूस असल्याची खात्री झाली नाही.' तिसऱ्यांदा हुकलं की संवाद आपोआप बंद पडणार होता.

"मी मान वळवली. डोळे पण मिटले," रुद्राणीनं लिहिलं. आणि मग, "मी माणूस न्हाई का?"

"आता ते करू नको. आज बाहेरचं कोण येणार हाय घरी?"

"दोन वाजता बांगडीवाली. मुरुडची. सोन्याचा दात हाय तिला."

गौसियाचे हात थांबले. सोन्याच्या दाताची बांगडीवाली मुरुडात एकच होती, तिची सख्खी खाला, आईची बहीण. तिनं तिथूनच फोन लावला.

"हाव, दो बजे जाना हय," खाला म्हणाली. "लडकी छोटी हय बेटा. मैं बोली उनको. सुनते कां?"

म्हणजे घर होतं. पोरगी होती. आपण जवळजवळ तासभर तिच्यावर संशय घेत बसलो होतो.

"मी येते," तिनं घाईनं लिहिलं. "बांगडीवालीसोबत. ऐकलंस?"

उत्तर आलं ते एवढंच, "काका आला." आणि संवाद बंद झाला. आपली ओळ तिनं वाचली की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता.

गौसियानं सगळं सांगताच उज्वलाताईंनी पोलिसांना फोन लावला. गाडी येईल, पण चार तरी वाजतील, असं उत्तर मिळालं. गौसिया थांबली नाही. खालाला थांबायला सांगून तिनं मुरुडची बस पकडली. वाटभर एकच विचार तिचं डोकं कुरतडत होता. काकानं फोन पाहिला असेल तर?

वाडीवर मांडव घातलेला होता. ओसरीत बायका बसल्या होत्या, मधोमध हळदीनं पिवळी झालेली रुद्राणी. खालानं पेटी उघडली. दारातून काका, वैजनाथ, पुढं आला.

"ही कोण?"

"भांजी हय मेरी. हाताखाली आणली," खाला म्हणाली.

तो हलला नाही. तिथंच उभा राहून बघत राहिला. गौसियानं पोरीचा हात हातात घेतला. गार पडला होता तो. रुद्राणीनं वर बघितलं, पण नजरेत ओळख नव्हती. तिनं ओळ वाचली नव्हती.

गौसिया मनगटावर वाकली, बांगडी सरकवायचं निमित्त करून अगदी हळू बोलली, "हाव. मी माणूस हाय. गौसिया."

रुद्राणीनं एकदम मूठ आवळली, तशी बांगडी तडकली. नवरीची बांगडी फुटणं बरं नव्हे, कुणी तरी पुटपुटलं. वैजनाथ एक पाऊल आत आला.

"काय बोलली ती?"

गौसिया काही बोलायच्या आत कोपऱ्यातून रुद्राणीची आई उठली. "हात ढिला सोड म्हणली. भाऊजी, बायकांत कशाला उभे? बाहेर आचारी बोलवायलाय."

तो गेला. पुढचे दोन तास गौसियानं दोन्ही हातांत मिळून वीस बांगड्या भरल्या. एक भरायची, एक काढायची, माप चुकलं म्हणायची. रुद्राणीनं तिचं बोट असं आवळलं होतं की नखं रुतली. सव्वाचारला गाडी आली. आरडाओरडा झाला, वैजनाथ अंगावर धावून आला, त्याला दोघा हवालदारांनी धरलं. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख बघून पोलिसांनी लग्न थांबवलं आणि पोरीला गाडीत बसवलं.

गौसियाही शेजारी बसली आणि गाडी लातूरच्या रस्त्याला लागली. रुद्राणी म्हणाली, "मायचा फोन गोठ्यातच ऱ्हायला. त्यात सगळं लिहिलेलं हाय. त्यांना घावला तर मायला मारतील."

गौसियानं खालाला फोन लावला. ती अजून तिथंच होती, काचा वेचत.

"फोन मिला उनको," खाला दबक्या आवाजात म्हणाली. "सबके सामने पूछे, किसका काम हय. उसकी माँ बोली, मेरा. मैंच लिखी."

आईनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतल्याचं गौसियानं रुद्राणीला सांगितलं. पोरीनं खिडकीबाहेर बघितलं. मागं वाडी दिसेनाशी झाली होती.

"आता कुठं हाय माय?"

गौसियानं खालाला विचारलं. आत नेलंय, खाला म्हणाली, आणि दार लावून घेतलंय.

गौसियानं पुढं वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी मागं घ्यायला सांगितली.