पुनाजींची देवळीला बदली

आमच्या देवळीत भावनाचं दुकान फाल्गुनात उघडलं. तेव्हापासून आषाढ लागेपर्यंत तिथे किती माणसं आली, हे मला विचारा. अकरा. त्यातली सात नुसती गप्पा मारायला. मोजायची सवय टपाल खात्यातली. पस्तीस वर्षं पत्ते वाचून पत्रांची वाटणी लावली, आता निवृत्तीनंतर माणसांची लावतो. दुकानासमोरच्या बाकावरून ती बरी लागते.

भावना फवारणीचे पंप दुरुस्त करते. हे काम तिने वडिलांकडून, पुलगावच्या पुनाजींकडून उचललं. पंप नुसता हलवून, कानाशी नेऊन, वॉशर गेलाय की मोटर, हे सांगणारा पुनाजींसारखा दुसरा माणूस मी पाहिला नव्हता. मग भावनाला पाहिलं. पुनाजी तीन वर्षांपूर्वी वारले आणि त्यांच्या दुकानाला कुलूप लागलं ते लागलंच. इथे देवळीत भावना कोणाची तरी सून. सुनेच्या हातात पंप द्यायचा म्हणजे लोकांना जरा जड जातं.

शटर सासऱ्यांचं, भैयाजींचं. त्यांनी सुनेला मुदत दिली होती.

"पोळ्यापावतर पाह्यतो. बाहेरगावचं गिऱ्हाईक येऊन राह्यलं त ठीक, नाई त शटर रजतले देतो. तो मोबाइलचं दुकान टाकतो म्हणते."

रजत त्यांचा पुतण्या. त्याने काउंटरची मापं आधीच घेऊन ठेवली होती. आणि भैयाजी चुकीचं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. पोळ्यापर्यंत कपाशीच्या फवारणीचा जोर. त्यात गिऱ्हाईक आलं नाही तर नंतर कशाला येतंय?

बाहेरगावचा माणूस आता रस्त्यावर कोणाला विचारत नाही, मोबाइलला विचारतो. एवढं गावाला ठाऊक होतं. म्हणून गावाने भावनाला मदत करायचं ठरवलं. आमच्याकडे मदत विचारून करत नाहीत. नेटवर दुकानांच्या याद्या असतात, त्यात फुकट नाव घालता येतं. समोरच्या पानठेलेवाल्या तानबाने एका यादीत घातलं: 'तानबाच्या ठेल्यासमोर'. भावनाच्या नवऱ्याने, अनुपने, दुसरीत: 'जुन्या बसस्टँडमागे'. भैयाजींनी नाव दिलं 'भैयाजी पंप रिपेरिंग'. मीही एकीत हात धुऊन घेतला, लपवत नाही: 'पोस्टावरून डावीकडे'. आणखी तिघांनी उरलेल्या तीन याद्या धरल्या. फोन नंबर ज्याने त्याने आपला दिला. आमची रीतच तशी, निरोप आपल्याकडे यावा आणि आपण शेजाऱ्याला हाक मारावी. मोबाइलवर शोधून चार दिवसांत नाव वर दिसलं नाही की जो तो पुन्हा जाऊन काहीतरी बदलायचा.

शेवटी भावना सेतू केंद्रवाल्या सोनमकडे गेली. मागोमाग मदत करणारे सगळे.

सोनमने बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. मग आमच्याकडे वळली. "हे कोणाचे प्रताप होय?"



"सात याद्या, सात पत्ते, सात फोन. नेटवर शोधून देते थे मशीन सगळ्या याद्या एकमेकींशी ताडून पाह्यते. तिले वाटून राह्यलं का देवळीत सात अर्धेमुर्धे दुकानं हायेत. एकावरही भरोसा नाई ठेवला तिनं."

"मंग कितव्या नंबरावर टाकलं?" तानबाने विचारलं.

"नंबर असता त सांगतलं असतं न, काका."

"आन् पहिलं कोण हाय?" भैयाजींना तेच महत्त्वाचं.

सोनमने पडदा आमच्याकडे फिरवला. सगळ्यात वर लिहिलं होतं: पुनाजी पंप रिपेरिंग, स्टेशन रोड, पुलगाव.

भावनाने खुर्चीची पाठ धरली. तीन वर्षांपूर्वी गेलेला माणूस अख्ख्या टापूत पहिला होता.

नऊ वर्षांपूर्वी कोणी एजंट नावं गोळा करत पुलगावात आला होता. पुनाजींनी त्याच्या हातात आपलं छापील कार्ड ठेवलं. पुढे जो आला त्याला तेच कार्ड. पुनाजी हट्टी होते. फोनवरसुद्धा नाव, रोड, गाव असं पूर्ण सांगायचे, समोर सख्खा भाऊ असला तरी. एका यादीने दुसरीतून उचललं, दुसरीतून तिसरीने. नऊ ठिकाणी पुनाजी, नऊ ठिकाणी एकच पत्ता, एकच नंबर.

मला काय वाटलं ते सांगतो. ज्याचा पत्ता दर वेळी तोच, त्याचं पत्र मी डोळे मिटून योग्य खणात टाकायचो. मला त्या कामासाठी माणूस माहीत असावा लागायचा, निदान गल्ली तरी. या मशीनने पुलगाव पाहिलं नाही, पंप पाहिला नाही. जगभरातल्या कोट्यवधी दुकानांतून तिने एका माणसाचा हट्ट वेचला, खरा मानला, आणि तो माणूस गेल्यावरही खरा मानत राहिली. कोणी तिला सांगितलंच नव्हतं ना, की पुनाजी गेले म्हणून.

"आपल्या साती नोंदी काढून टाकू," सोनम म्हणाली. "बाबाची मात्र पुसाची नाई. हलवाची. दुकान पुलगावहून देवळीले आलं म्हणून सांगू. पण नाव पुनाजीच राहीन."

"माह्या शटरवर व्याह्याचं नाव?" भैयाजी उसळले. "लग्नात त्यानं मले घड्याळ देल्लं, थेही बंद होतं!"

"बंद नव्हतं, मामाजी," भावना शांतपणे म्हणाली. "चावीचं होतं. तुम्ही चावीच नाई देल्ली."

तानबा इतका हसला की सुपारी घशात अडकली. भैयाजींनी त्याला पाठीत दोन धपके घातले, जरा जोरातच, आणि म्हणाले, "पोळ्यापावतर. फक्त."

बदल करायचा तर खात्रीसाठी एक आकडा पुनाजींच्याच मोबाइलवर येणार होता. भावनाने आईला, पंचफुलाबाईंना, फोन लावला.

"आई, बाबाचा फोन कुठी हाय?"

"फोटोपाशी. बंद करून ठेवला."

"त्याचा नंबर चालू असन काय वो?"

"असन म्हणजे? दर महिन्याले रिचार्ज करतो मी."

"बंद फोनले?"

"मंग? त्याहीचा नंबर दुसऱ्या कोणाले देऊन टाकतीन थे कंपनीवाले."

भावनाने फोन सोनमकडे दिला. सोनमने पंचफुलाबाईंना पुनाजींच्या फोनला चार्जर लावायला सांगितलं. आकडा आला, पंचफुलाबाईंनी एकेक अंक दोनदा वाचला, आणि पडद्यावर आलं: तपासणी सुरू आहे.

"आता कोणीही बोट लावाचं नाई," सोनमने आमच्याकडे पाहून दम दिला. "मशीन येईन तेव्हा येईन, पाह्यीन, ताडून घेईन. महिना लागन, दीड लागन."

पुनाजींचं सिमकार्ड भावनाने आणून आपल्या फोनमध्ये घातलं. फोन येऊ लागले. पण ती 'दुकान आता देवळीला आहे' म्हणाली की पलीकडून यायचं, "नकाशात त पुलगाव हाय. तुम्ही कोण बोलून राह्यल्या?" आणि ठक्‌. फसवणुकीच्या फोनांचे दिवस. पुनाजींच्या सख्ख्या मुलीपेक्षा नकाशावर विश्वास जास्त. असे एकोणीस फोन मी मोजले.

बाराव्या दिवशी भैयाजींना राहवलं नाही. त्यांनी रजतला हाताशी धरून पत्त्यात 'भैयाजींचं शटर' एवढंच घातलं. तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

"म्या नाव त नाई न बदललं," ते सोनमला म्हणाले. "शटर माहंच हाय. खोटं काय लिहिलं?"

सोनमने ते काढून टाकलं आणि हात जोडले. भावनाने त्या दिवशी भैयाजींच्या चहात साखर घातली नाही, एवढंच.

श्रावण सरत आला. गिऱ्हाईक शून्य. भावना रोज सकाळी शटर उघडायची, जुन्या नोझलांची घाण सुईने काढून ठेवायची, कोणी मागितल्या नव्हत्या तरी. पोळ्याला सहा दिवस उरले तेव्हा रजत सुताराला घेऊन आला. पाच उरले तेव्हा फळ्यांचा भाव ठरला.

चार उरले त्या दिवशी सोनम केंद्र उघडं टाकून रस्त्याने पळत आली. "पाह्य, भावना, पाह्य!"

नकाशावरचा लाल ठिपका पुलगावात नव्हता. आमच्या गल्लीत होता, तानबाच्या ठेल्यासमोर, जिथे मी बसलो होतो तिथून बारा पावलांवर. मी पुन्हा पुन्हा ठिपक्याकडे आणि शटरकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत दुसरी यादी हलली, दुसऱ्या दिवशी तिसरी आणि चौथी. त्यांना आमच्यापैकी कोणी शिवलंही नव्हतं. पोळ्यात तोरणाखाली पहिला बैल हलला की मागची सगळी रांग हलते, तशा त्या एकीमागे एक देवळीकडे निघाल्या. आणि सर्चमध्ये पुनाजी अजून पहिलेच. सतरा-अठरा किलोमीटर चालून आले, पण जागा सोडली नाही. त्या दोन दिवसांत मी मोजणं विसरलो. माझ्या बाबतीत हे नवल आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी भावना आत बॅटरी तपासत होती. दारातल्या खुर्चीवर भैयाजी बसले होते, आणि रजत टेप लावून शेवटचं माप घेत होता. एक मोटारसायकल थांबली. मागे दोरीने बांधलेला पंप. माणूस आर्वीकडचा, अनोळखी. हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, दुकानाकडे पाहिलं, मग भैयाजींकडे.

"राम राम जी. मागच्या वर्षी पुलगावले गेलतो, कुलूप होतं. आज पाह्यलं त तुम्ही इकडे येऊन गेले. पुनाजी तुम्हीच न?"

मी बाकावरून पुढे वाकलो. तानबाचा हात कात लावता लावता थांबला. व्याह्याबद्दल सांगण्यासारखं भैयाजींकडे पुष्कळ होतं, ते घड्याळासकट सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकदा फिरून गेलं.

"हौ," ते म्हणाले, आणि खुर्चीवरून उठले. "बसा जी. भावना! तुह्या बाबाचं गिऱ्हाईक आलं वो!"

मग रजतकडे वळले. "आन् तू काय मापं घेऊन राह्यला बे? गुंडाळ थो टेप. माणसाले पंप ठेवाले जागा दे."