हेडफोनमधला आवाज

स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा मी डॉक्टरांना माझ्या जिवाबद्दल काही विचारलं नाही. डोक्यात एकच होतं, आईचं काय? ती दूर, भावाकडे असते. तिला दिसत नाही. रोज संध्याकाळी माझा फोन आल्याशिवाय ती जेवायला बसत नाही. माझ्या दुखण्याचं तिला कुणी कळू दिलं नव्हतं. या वयात तिच्या जिवाला घोर कशाला?

डॉक्टरांनी बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी तुमच्या आवाजात भरपूर वाक्यं रेकॉर्ड करून आणा. त्यावरून कॉम्प्युटर तुमचा आवाज तयार करेल. तुम्ही टाइप करायचं, तो तुमच्या आवाजात बोलेल. फक्त रेकॉर्डिंग स्वच्छ हवं. पंखा नको, खोली घुमायला नको आणि माइक चांगला हवा."

आमच्या ह्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. यंत्र दिसलं की त्यांना चेव येतो, आणि सोबतचं माहितीपत्रक वाचणं म्हणजे अपमान. दुसऱ्याच दिवशी यूएसबी माइक घरात आला. आतल्या खोलीत गाद्या भिंतींना उभ्या राहिल्या, दारावर रजई टांगली गेली, फ्रिज बंद झाला. मी माइकच्या टोकाशी तोंड नेलं, तर म्हणाले, "अगं, आइस्क्रीम खातेस का? हा समोरून बोलायचा माइक आहे."

मग त्याचं बटण फिरवणं सुरू झालं. जास्त फिरवलं की पडद्यावरची हिरवी पट्टी लाल व्हायची, कमी केलं की हलायचीच नाही. 'प' आणि 'फ' फटाके फोडल्यासारखे यायचे, म्हणून माइकला स्पंजची टोपी चढली. तोंड माइकपासून वीतभर लांब. लॅपटॉपच्या आतला पंखा घरघरतो, म्हणून लांब वायर जोडून तो एका गादीपलीकडे ठेवला आणि हे त्याच्यासमोर जाऊन बसले. हेडफोन माइकच्याच बुडाशी लावला होता. कानात प्राण आणून ऐकत होते.

"काय सुरेख येतोय गं आवाज! तू रेडिओवर जायला हवं होतंस."

"आता कळलं? आयुष्य शिवणवर्गात मशिनींच्या वर ओरडण्यात गेलं, तेव्हा कुठे होतात?"

पहिल्या दिवशी एकच वाक्य घेऊन त्यांनी ते लावून ऐकवलं. स्वच्छ होतं, पण माझाच आवाज बाहेरून आला आणि अंगावर काटा उभा राहिला. वाटलं, मी मेलेय आणि हे एकटे बसून मला ऐकतायत. "पुन्हा लावाल तर याद राखा," मी म्हटलं. "माझ्या देखत ते वाजवायचं नाही, आणि माझ्या पाठीमागेही नाही." उभ्या संसारात या माणसाने माझं कधी ऐकलं नव्हतं. एवढं मात्र ऐकलं.

रोज काम संपलं की ते माइक काढून मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू करायचा, मग माइक जोडायचा. मी वाचत राहायची. दुकान किती वाजता बंद होतं. मला थंडी वाजतेय. घसा चिरत होता, कोमट पाणी पिऊन पुन्हा बसायची. यादीत नसलेली वाक्यंही मी बोलून घेतली. आई, जेवलीस का? आई, गोळ्या घेतल्यास का?

ऑपरेशननंतर आम्ही त्या बाईंकडे गेलो. माझ्या देखत वाजवू नका असं म्हणायला आता आवाजच नव्हता. त्यांनी फाइल लावली. जिन्याखालून कुणी बोलावं तसा आवाज आला आणि त्यावर सतत घरघर. त्यांनी दुसरी लावली, तिसरी लावली. मग काम थांबवून पडद्याकडे पाहत राहिल्या.

"हे तुमच्या माइकवर झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकवर झालंय."

"शक्यच नाही," हे म्हणाले. "मी या कानांनी ऐकलंय."

"हेडफोन कुठे लावला होता?"

"माइकला."

"मग काका, तुम्ही थेट माइक ऐकत होतात. तो कॉम्प्युटरमध्ये उतरतोय की नाही, हे त्यात कळत नाही. माइक काढून पुन्हा जोडला की कधीकधी प्रोग्राम लॅपटॉपचाच माइक धरतो. दरवेळी निवडून द्यावा लागतो. पट्टी काय, दोन्ही माइकवर हलते."

हे खुर्चीत बसून होते. "पहिल्या दिवशीचं बरोबर होतं," ते हळूच म्हणाले. "ते नुसतं बघायला केलेलं, म्हणून मी पुसून टाकलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न झाल्यापासूनचं सगळं त्या क्षणी त्यांच्या तोंडावर फेकायचं होतं. ते घशापर्यंत आलं आणि गळ्यातल्या भोकातून नुसती हवा बाहेर पडली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं केविलवाणं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. रागावणंही मला जमणार नव्हतं आता.

बाईंनी टॅबलेटवर एक तयार आवाज घालून दिला. कुणा शिकलेल्या, सावकाश बोलणाऱ्या बाईचा. इतके दिवस भाऊ आईला फोन बिघडलाय म्हणून थोपवत होता. त्या संध्याकाळी ह्यांनी नंबर लावून फोन टॅबलेटजवळ धरला. मी टाइप केलं. "आई, मी बोलतेय. जेवलीस का?"

"कोण बोलतंय?"

"मी. तुझी लेक."

आई म्हणाली, "बाई, तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. माझ्या लेकीचा आवाज मला कळत नाही का? तिला द्या फोन."

माझी बोटं काचेवर तशीच राहिली. ह्यांनी फोन कानाला लावला.

"जावईबापू, कोण हो ती? माझी पोर कुठे आहे?"

"बाहेर गेलीय, आई."

"कधी येईल?"

"येईल."

आता रोज संध्याकाळी फोन हेच करतात. आई विचारते आणि हे सांगतात, तिला आज उशीर होणार आहे, तुम्ही जेवून घ्या. आई म्हणते, थांबते थोडा वेळ. मी खोलीतच असते. गळ्यातून श्वास शिट्टीसारखा वाजतो, तो तिला ऐकू जाऊ नये म्हणून भिंतीशी सरकून बसते.